किल्ल्यात शिरायच्या वाटा किती?

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ अमेरिकेत विक्रीला आला, तेव्हा पेटीत नियमांच्या तीन पुस्तिका होत्या. त्या नियमांनी खेळायचे काय, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, एकेक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो, एक जण भोवतालचे सगळे जग सांभाळतो, आणि निकाल अडला की फासे टाकतात. जग सांभाळणाऱ्याला दर बैठकीला नवे भुयार आणि नवा खलनायक कुठून सुचणार? ही गरज ओळखून छापील साहसे निघू लागली, आणि १९७८ पासून हा खेळ काढणाऱ्या टीएसआर कंपनीने ती सातत्याने काढली. आज अशा पुस्तकांनी कपाटे भरतील. त्यांची परीक्षणेही भरपूर होतात. पण त्यातली बरीचशी कादंबरीचे माप हातात घेऊन बसतात. कथानक रंगले का, खलनायक ठसला का, शेवट अंगावर आला का, असे प्रश्न विचारतात. मला हे मापच चुकीचे वाटते. साहसपुस्तक म्हणजे अजून न घडलेल्या प्रसंगाची तयारी. त्याचे परीक्षण किल्ल्याची पाहणी करावी तसे व्हायला हवे, आणि ही पाहणी कशी करायची ते ग्वाल्हेरच्या मराठी वाचकाला उशाशीच शिकायला मिळते.

ग्वाल्हेरचा किल्ला सुमारे तीनशे फूट उंच, उभ्या कड्याच्या टेकडीवर आहे. पूर्वेकडून गुजरी महालापासून एकामागून एक दरवाजे ओलांडत हाथी पोळीपर्यंत जाता येते, पश्चिमेला उरवाईची वाट आहे, आणि माथ्यावर तलाव असल्याने आतल्यांना पाण्याची लगेच ददात नाही. हा किल्ला घ्यायचा कसा? इतिहासात या एकाच कोड्याची निरनिराळी उत्तरे सापडतात. १२३२ साली इल्तुतमिशने जवळजवळ वर्षभर वेढा घालून तो घेतला. ऑगस्ट १७८० मध्ये महादजी शिंद्यांची शिबंदी गडावर असताना ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी पॉपहॅम दरवाजाकडे फिरकलाच नाही. गोहदच्या राण्याच्या माहितगार माणसांनी दाखवलेल्या जागी त्याने रात्री शिड्या लावल्या, आवाज होऊ नये आणि पाय घसरू नये म्हणून शिपायांच्या जोड्यांत कापूस भरला, आणि कॅप्टन ब्रूसची तुकडी कड्यावर चढली. जून १८५८ मध्ये तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि राणी लक्ष्मीबाई यांना शिडीही लागली नाही. शिंद्यांची फौजच त्यांना मिळाली. आणि दिवाळीशी शीख परंपरेने जोडलेली सुटका याच गडावरची: जहांगीराने इथे कैदेत ठेवलेल्या गुरू हरगोबिंदांनी आपल्याबरोबर बावन्न राजांना बाहेर काढले, झग्याला बावन्न गोंडे लावून, म्हणजे झगा धरील तो सुटेल या अटीचा पुरता उपयोग करून. उपासमार, चोरवाट, फितुरी, शब्दांत पकडणे. कड्याची उंची तीच. पण आतली माणसे, त्यांची निष्ठा आणि बाहेरच्यांची अक्कल दर वेळी वेगळी, म्हणून शेवटही वेगळा.

या नजरेने जुनी साहसे पुन्हा उघडली की त्यांची प्रतवारी बदलते. गायगॅक्सचे 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' नवशिक्यांच्या पेटीत घातले गेल्यामुळे असंख्य हातांत पोचले. कथानक म्हणून ते अगदी किरकोळ: सरहद्दीवर एक गढी, जवळच्या घळीत राक्षसी टोळ्यांच्या गुहा. परंतु घळीत गुहांची अनेक तोंडे आहेत, टोळ्यांची आपसांत वैरे आहेत, आणि एकीला दुसरीवर घालण्याची मुभा पुस्तक स्वतः देते. गढीतल्या बहुतेक माणसांना नावे दिलेली नाहीत, हा दोष मात्र खरा. ज्याच्याशी बोलायचे त्याला नाव नसेल तर ते आयत्या वेळी शोधण्यातच खेळ चालवणाऱ्याची दमछाक होते. याच गायगॅक्सचे १९७८ चे 'टूम ऑफ हॉरर्स' कितीतरी अधिक गाजले. त्यातल्या हिरव्या सैतानी मुखवट्याच्या जबड्यात जो शिरेल तो कायमचा नाहीसा होतो. झगडा नाही, दुसरी संधी नाही. सावधगिरीची परीक्षा म्हणून ते थडगे चोख आहे, मात्र तिथे संधान बांधण्याजोगे फारसे कुणी नाही. एका प्रकारच्या हुशारीलाच वाव देणारा हा किल्ला मी दुसऱ्या रांगेत ठेवीन.

यावर पहिला आक्षेप येतो तो कथेच्या बाजूने. माणसे टेबलाशी येतात ती गोष्टीसाठी, आणि १९८४ पासून निघालेली 'ड्रॅगनलान्स'ची साहसे तर महाकाव्यासारख्या कथेच्या जोरावरच लोकप्रिय झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ती कथा टिकवण्यासाठी काय करावे लागले तेही पाहायला हवे. पुढच्या भागात लागणारे पात्र मेले तर त्याचा मृत्यू संदिग्ध ठेवावा, प्रेत हाती लागू देऊ नये, अशी सोय त्यांत आहे. म्हणजे खेळाडूंनी टाकलेला फासा खोटा ठरतो. 'ड्रॅगनलान्स'च्या लेखकांपैकी एक असलेल्या ट्रेसी हिकमनने पत्नी लॉराबरोबर लिहिलेले १९८३ चे 'रेव्हनलॉफ्ट' उलट उदाहरण आहे. किल्ल्यात रक्तपिपासू सरदार श्ट्राड राहतो, वातावरण भरगच्च, आणि तरीही त्याचा हेतू काय, तो कुठे गाठ पडेल, त्याला मारायची हत्यारे कुठे आहेत, हे खेळाच्या सुरुवातीला भविष्य सांगणाऱ्या बाईच्या पत्त्यांवरून ठरते. किल्ल्याचे नकाशे तिरप्या कोनातून काढलेले असल्याने कोणता जिना कुठल्या मजल्यावर निघतो ते खेळ चालवणाऱ्याला एका नजरेत कळते. कथा आणि मोकळीक एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा. २०१६ साली याच साहसावरून 'कर्स ऑफ श्ट्राड' हे मोठे पुस्तक निघाले.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: पुस्तक न खेळता त्याचे परीक्षण करणे म्हणजे चुलीवर न ठेवलेल्या भाजीची चव सांगणे. खेळून पाहणे चांगलेच, पण ते पुरेसे नाही. तरबेज माणूस टाकाऊ पुस्तकही रंगवून दाखवतो. त्याच्या बैठकीवरून दिलेले गुण त्याला मिळतात, पुस्तकाला नाही. वाचणाऱ्याला मात्र काही गोष्टी नेमक्या तपासता येतात. पहारेकऱ्याला लाच देता येते ही माहिती त्या पहारेकऱ्याच्या पानावर आहे, की चाळीस पाने पुढे? मोठ्याने वाचून दाखवायच्या चौकटीतला मजकूर खोलीत काय दिसते ते सांगतो, की खेळाडूंना काय वाटले तेही परस्पर ठरवून टाकतो? साहसवीर आलेच नाहीत तर आतल्या लोकांचे पुढे काय होणार, हे लिहिले आहे का? ही तपासणी ज्याने केली नाही, त्याचा खेळून आल्याचा दाखला मला अपुरा वाटतो.

मराठीला अद्भुत नवे नाही, आणि त्याची चर्चाही नवी नाही. अद्भुतरम्य कादंबऱ्यांपैकी 'मुक्तामाला' १८६१ ची, 'मंजुघोषा' १८६८ ची, आणि काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा कादंबरी व नाटकावरचा निबंध १८७२ चा. आता आपल्याकडच्या भूमीवरची साहसेही जगाच्या बाजारात येऊ लागली आहेत. २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या तेरा साहसांच्या संग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या छायेतली शंखभूमी उभी केली. अशा पुस्तकाचे कौतुक साड्या, नद्या आणि देवळे ओळखीची वाटली एवढ्यावर थांबू नये. उद्या कुणी शिंद्यांच्या 'गंगाजळी'वर, म्हणजे त्यांच्या गुप्त खजिन्यावर, साहस लिहिले तर? सामग्री हातात आहे. किल्ला १८५८ पासून इंग्रजांच्या ताब्यात, आणि खजिना त्याच किल्ल्यात दडलेला अशी हकीकत सांगितली जाते. १८८६ मध्ये किल्ला परत मिळतो, त्याच वर्षी जयाजीराव वारतात, वारस माधवराव अजून अजाण, आणि खजिन्याची गुप्त खूण, म्हणजे बीजक, कुणाला ठाऊक नाही. असे पुस्तक निघाले तर परीक्षकाने आधी विचारावे: इंग्रज रेसिडेंट, दरबारी, जुने गवंडी आणि राजमाता यांना प्रत्येकी काय हवे आहे, किल्ल्यातल्या मानमंदिर महालाच्या खालच्या दोन मजल्यांचा नकाशा टेबलावर वापरता येईल असा आहे का, आणि बीजक न सापडताही खजिन्यापर्यंत पोचायच्या निदान तीन वाटा लेखकाने ठेवल्या आहेत का.