एका धरणाचं पाणी, दोन समुद्रांना!

मुलांनो, आज घरच्यांना एक कोडं घाला. असं कोणतं धरण आहे, ज्याचं थोडं पाणी बंगालच्या उपसागराला मिळतं आणि बाकीचं अरबी समुद्राला? आई-बाबा डोकं खाजवायला लागले, की ऐटीत सांगा, सातारा जिल्ह्यातलं आपलं कोयना धरण!

कोयना नदी उगम पावते महाबळेश्वरला. कृष्णाही तिथलीच. पण दोघींच्या वाटा वेगळ्या. कोयना सह्याद्रीच्या कडेकडेनं दक्षिणेला धावते आणि पाटण तालुक्यात हेळवाकला एकदम काटकोनात पूर्वेकडे वळते. पुढे कऱ्हाडला ती कृष्णेला अगदी समोरासमोर येऊन भेटते. तोच प्रीतिसंगम. तिथून दोघींचं पाणी एक होऊन सांगलीकडे निघतं.

हेळवाकच्या जवळच, कोयनानगरला, हे धरण उभं आहे. उंची १०३ मीटर, म्हणजे एखाद्या तीस मजली इमारतीएवढी! लांबी आठशे मीटरहून थोडी जास्त. १९६४ साली ते बांधून पुरं झालं. त्याच्यामागे साठलेल्या जलाशयाचं नाव शिवसागर. त्यात १०५ टीएमसी पाणी मावतं.

टीएमसी म्हणजे किती हो?

पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रात हा शब्द येतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजेच सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी. आता वही काढा. एका शहरात पाच लाख माणसं राहतात आणि प्रत्येकाला रोज १३५ लिटर पाणी लागतं असं धरा. एक टीएमसी पाणी किती दिवस पुरेल? करा भागाकार! उत्तर चारशे दिवसांच्या वर येईल. म्हणजे एका टीएमसीत अख्खं शहर वर्षभर पाणी पिऊन वर शिल्लक उरेल. आणि कोयनेत अशा १०५ टीएमसी!

डोंगराच्या पोटातली वीज

धरण घाटावर, पण वीज तयार होते खाली कोकणात. कारण सह्याद्रीचा कडा. शिवसागरातलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला नेतात आणि चारशे मीटरहून जास्त उंचीवरून खाली सोडतात. पोफळीला चक्क डोंगराच्या पोटात वीजघर कोरलेलं आहे. तिथून बाहेर पडलेलं पाणी कोळकेवाडीच्या छोट्या धरणात अडवून त्यावर पुन्हा वीज काढतात. एका पाण्यात दोनदा काम! मग हे पाणी वाशिष्ठी नदीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. या सगळ्या वीजघरांची क्षमता मिळून सुमारे १,९६० मेगावॉट आहे.

चौथ्या टप्प्याची गोष्ट तर भारीच आहे. जलाशय रिकामा न करता त्याच्या तळाखालून बोगदा खणत नेला आणि १३ मार्च १९९९ रोजी मधला शेवटचा खडक स्फोटानं उडवला. पाणी आपोआप बोगद्यात! याला ‘लेक टॅपिंग’ म्हणतात. असाच दुसरा प्रयोग २०१२ मध्येही झाला.

संध्याकाळी शहरांत एकाच वेळी दिवे, पंखे, टीव्ही सुरू होतात तेव्हा विजेची मागणी एकदम वाढते. कोळशाचं वीज केंद्र चटकन चालू करता येत नाही. पाण्यावरची जनित्रं मात्र काही मिनिटांत फिरू लागतात. म्हणून कोयनेची वीज ऐन गरजेच्या वेळी धावून येते.

सांगलीची तहान

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि सांगलीत जेमतेम पाच-सहाशे. जत, आटपाडीकडे तर ढग नुसते तोंड दाखवून जातात. उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र आटायला लागलं, की कोयनेतून पाणी सोडतात. ते नदीतूनच वाहत कऱ्हाड, सांगली, मिरजेला पोचतं. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या योजनांचे मोठाले पंप हेच पाणी टप्प्याटप्प्यानं उचलून दुष्काळी गावांना देतात. तासगावच्या द्राक्षांची गोडी अशी कुठून कुठून आलेली असते बघा!

होडी, गवा आणि शेकरू

शिवसागराच्या काठी बामणोली आणि तापोळा ही गावं आहेत. बामणोलीहून होडीतून जाऊन वनखात्याच्या परवानगीनं वासोटा किल्ला चढता येतो. किल्ल्याभोवती कोयना अभयारण्याचं दाट जंगल आहे. गवे, सांबर, अस्वलं, बिबटे, धनेश पक्षी आणि आपला राज्यप्राणी शेकरू हे इथले रहिवासी. १९८५ साली हे अभयारण्य जाहीर झालं. दक्षिणेला वारणेवरच्या चांदोली धरणाभोवतीही असंच जंगल आहे. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि २०१२ मध्ये दोन्ही जंगलं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. डिसेंबर २०२३ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात एका वाघोबांनी फोटो काढून घेतला!

पण हे फुकट मिळालेलं नाही

या पाण्याखाली गावं गेली. देवळं, शेतं, शाळा, सगळं सोडून हजारो माणसं परक्या मुलुखात राहायला गेली. त्यांतल्या कितीतरी कुटुंबांना हक्काच्या जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडावं लागलं. आपल्या घरातला दिवा लागतो, त्यात त्यांचाही वाटा आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. दीडशेहून जास्त माणसं दगावली, धरणालाही तडे गेले. मग ते आणखी भक्कम केलं. साठलेल्या पाण्यामुळे जमिनीखालच्या भेगांवर परिणाम होऊन असे भूकंप होतात, असं शास्त्रज्ञ मानतात. कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्याचा अभ्यास चालतो.

आणि पूर! ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर चढलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आता विचार करा. पावसाळ्यात धरण रिकामं ठेवलं, तर पुराचं पाणी त्यात मावेल. पण पुढे पाऊसच पडला नाही, तर उन्हाळ्यात काय प्यायचं? लवकर भरून ठेवलं, तर मोठ्या पावसात दरवाजे उघडावेच लागणार. धरणाच्या अधिकाऱ्यांना हे गणित दर जुलै-ऑगस्टमध्ये सोडवावं लागतं, आणि त्याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेलं नसतं!

येत्या पावसाळ्यात तुम्हीही एक काम करा. वर्तमानपत्रातून कोयनेचा पाणीसाठा रोज वहीत टिपा, शेजारी आयर्विन पुलाची पातळी लिहा आणि महिनाअखेरीस दोन्हींचा आलेख काढा. मग बाबांना विचारा, ‘तुम्ही दरवाजे कधी उघडले असते?’