मार्च फॉर लाइफ : अमेरिकेतली जानेवारीची ‘वारी’

वारी म्हटली की आपल्याला आषाढ, पाऊस आणि पंढरपूर आठवतं. आज ज्या वारीची माहिती घेणार आहोत ती निघते जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, बसने. आणि तिचं शेवटचं ठिकाण अनेक वर्षं चक्क सर्वोच्च न्यायालय होतं. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन इथं दरवर्षी ‘मार्च फॉर लाइफ’ हा गर्भपातविरोधी मोर्चा निघतो. त्यात वेगवेगळ्या पंथांचे लोक असतात, पण कॅथलिक ख्रिस्ती लोकांचा वाटा फार मोठा. अकरावी-बारावीच्या राज्यशास्त्रात सामाजिक चळवळी शिकताना हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

सुरुवात एका निकालापासून झाली. २२ जानेवारी १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात सात विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की गर्भपाताचा निर्णय हा स्त्रीच्या खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. गर्भ आईच्या पोटाबाहेर जगू शकेल इतका वाढल्यावर मात्र राज्यांना बंदी घालता येत होती. त्या एका दिवसात बहुतेक राज्यांचे कायदे निष्प्रभ झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेली ग्रे नावाच्या वकील बाईंच्या घरी साधारण तीसेक जण जमले आणि निकालाच्या पहिल्या वर्षदिनी, म्हणजे २२ जानेवारी १९७४ ला, मोर्चा काढायचं ठरलं. एकच मोर्चा पुरेल असा त्यांचा अंदाज होता! ग्रे बाई २०१२ मध्ये वारल्या, तोवर दरवर्षी त्याच मोर्चाच्या पुढारी होत्या.

आता या मोर्चाला ‘यात्रा’ का म्हणायचं ते बघू. गावोगावच्या चर्चमधून आणि कॅथलिक शाळा-कॉलेजांतून बसगाड्या निघतात. मिनेसोटाहून येणाऱ्यांना सुमारे अठराशे किलोमीटर कापावे लागतात. म्हणजे रात्रभर बसमध्येच. वाटेत जपमाळ म्हणतात, गाणी म्हणतात, कोपऱ्यात कुणी घोरतही असतं. मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी सगळे एका भव्य चर्चमध्ये जमतात. हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं कॅथलिक चर्च, ‘निष्कलंक गर्भसंभवा’च्या नावाने बांधलेलं. या नावाबद्दल पुष्कळांचा गोंधळ होतो. येशूच्या जन्माशी त्याचा थेट संबंध नाही. मरिया स्वतः आपल्या आईच्या उदरात आली ती पापाचा डाग न लागता, अशी ही श्रद्धा. तिचा सण ८ डिसेंबरला, आणि मरियेचा जन्मदिवस बरोबर नऊ महिन्यांनी, ८ सप्टेंबरला. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा त्याच सुमारास का भरते, हे आता लक्षात आलं ना?

१९७९ पासून इथं रात्रभर जागरण होतं. बिशप आणि शेकडो धर्मगुरू मिळून मिस्सा करतात (मिस्सा म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, वसईकर वाचकांना हे सांगायला नको). मग पहाटेपर्यंत तासातासाने प्रार्थना. शेजारच्या कॅथलिक विद्यापीठाच्या व्यायामशाळेत मुलं स्लीपिंग बॅग टाकून पडतात. सकाळी पुन्हा मिस्सा आणि मग चालायला सुरुवात.

२०१६ साली मोर्चाच्याच दिवशी प्रचंड हिमवादळ आलं. परतणाऱ्या कितीतरी बस पेनसिल्व्हेनियाच्या महामार्गावर जवळजवळ चोवीस तास अडकल्या. तेव्हा काही गटांनी रस्त्याकडेला बर्फ रचून वेदी केली आणि तिथंच मिस्सा केली. त्यांच्या मतांशी तुम्ही सहमत असा वा नसा, या माणसांना तिथं काय घेऊन येतं हे त्या बर्फाच्या वेदीवरून कळतं. गर्भधारणेच्या क्षणापासून पूर्ण माणूस असतो, ही कॅथलिक चर्चची शिकवण. ते एकदा मानलं की कायदेशीर गर्भपात त्यांना रोज होणारी हत्या वाटते, आणि मग घरी बसवत नाही.

मोर्चाला किती लोक येतात? आयोजक लाखांत आकडे सांगतात, विरोधक ते कमी करतात. वॉशिंग्टनच्या मैदानावरची गर्दी सरकारी खात्याने मोजणं १९९० च्या दशकातच वादांमुळे बंद केलं. तेव्हा असा आकडा वाचला की तो कुणी सांगितला, हे आधी विचारा बरं का.

दुसरी बाजू तितक्याच गांभीर्याने समजून घ्यायला हवी. आपल्या बेळगावात वाढलेली सविता हलप्पनवार ही एकतीस वर्षांची दंतवैद्य २०१२ मध्ये आयर्लंडच्या गॉलवे शहरात गरोदर होती. सतराव्या आठवड्यात गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं. तिने गर्भपाताची विनंती केली. पण गर्भाचे ठोके सुरू होते म्हणून ती नाकारली गेली. हा कॅथलिक देश आहे, असंही तिला सांगण्यात आलं. जंतुसंसर्गाने ती २८ ऑक्टोबरला गेली. २०१८ मध्ये त्याच आयर्लंडने सुमारे ६६ टक्के मतांनी राज्यघटनेतली बंदी काढली. कायद्यातले शब्द रुग्णालयाच्या खाटेपाशी काय करतात हे मला या घटनेइतकं स्पष्ट दुसऱ्या कशात दिसलं नाही. अमेरिकेतही निम्म्याहून अधिक कॅथलिक बहुतेक प्रसंगी गर्भपात कायदेशीर असावा असंच सर्वेक्षणात सांगतात. म्हणजे बिशप आणि भाविक यांचं सगळंच एक नाही.

आपल्याकडे हा वाद वेगळ्याच वाटेने गेला. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. चोरून केलेल्या गर्भपातांत बायका मरत होत्या, हे त्यामागचं मोठं कारण. पुढे भांडण पेटलं ते लिंगनिदानावरून. १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. गंमत अशी, की त्यासाठी लढणाऱ्या स्त्री संघटना गर्भपाताच्या हक्काच्या बाजूच्याच होत्या. परीक्षेत या दोन चळवळी एकाच दावणीला बांधू नका.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या न्यायालयाने ‘डॉब्स’ खटल्यात ‘रो’चा निकाल रद्द केला आणि प्रश्न लोकप्रतिनिधींकडे सोपवला. काही राज्यांत जवळपास संपूर्ण बंदी आली. पण ऑगस्टमध्येच कॅन्सस या पुराणमतवादी मानल्या जाणाऱ्या राज्यात सुमारे ५९ टक्के मतदारांनी गर्भपाताचा हक्क काढून घेणारी दुरुस्ती फेटाळली. मोर्चा मात्र थांबला नाही. २०२३ पासून त्याचा मार्ग संसद भवनासमोरून जाईल असा बदलला, कारण आता कायदे तिथं आणि राज्यांच्या विधिमंडळांत ठरणार. अनेक राज्यांच्या राजधान्यांतही वेगळे मोर्चे निघतात. बसगाड्या अजून जानेवारीतच सुटतात आणि आदल्या रात्रीचं जागरणही होतंच.