ठाण्याचा विश्वविजेता नेमबाज

नेमबाजी म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना जत्रेतील फुगे फोडायची बंदूक आठवते. निदान मला तरी तीच आठवत असे. परंतु १४ ऑक्टोबर २०२२ रोजी कैरो येथे आपल्या ठाण्याचा अठरा वर्षांचा रुद्रांक्ष पाटील दहा मीटर एअर रायफलमध्ये विश्वविजेता झाला आणि हा खेळ समजून घ्यावासा वाटला.

स्कीट प्रकारात उडत्या तबकड्या फोडायच्या असतात. येथे लक्ष्य जागचे हलत नाही. हलतो तो माणूसच! दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. गुण दशांशापर्यंत मोजतात. अगदी मध्यावर लागला तर १०.९. उभ्याने, कशाचाही टेकू न घेता, सव्वा तासात साठ नेम साधायचे. श्वास तर सोडाच, नाडीचा ठोकाही नळीच्या टोकापर्यंत पोहोचतो. म्हणूनच ते जाड, ताठ जाकीट. (रायफलची किंमत लाखाच्या वर असते; तेव्हा हा गल्लीतला खेळ नव्हे, हेही सांगितले पाहिजे.)

कैरोच्या अंतिम लढतीत रुद्रांक्ष आधी मागे पडला होता. तरीही इटलीच्या दानिलो सोलाझ्झोला त्याने १७–१३ असे हरवले. या प्रकारात जगज्जेता झालेला तो दुसराच भारतीय. पहिला अभिनव बिंद्रा, २००६ साली. पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत त्याने दिव्यांश पनवार व ऐश्वर्य तोमर यांच्यासह १८९३.७ गुणांचा विश्वविक्रम करून सांघिक सुवर्ण मिळवले. १८० गोळ्यांना भागून पाहा : प्रत्येक गोळीला सरासरी साडेदहाच्या वर!

कैरोच्या विजयाने भारताला पॅरिस ऑलिंपिकची एक जागा मिळाली. पण अशी जागा देशाची असते, नेमबाजाची नव्हे. २०२४ च्या निवड चाचण्यांत तो मागे राहिला आणि पॅरिसला अर्जुन बबुता व संदीप सिंग गेले. कित्येकांना हा अन्याय वाटला. मला तसे वाटत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या नेमावर आजची जागा अडवून ठेवली, तर आज अधिक अचूक नेम धरणाऱ्याने कोठे जावे? मात्र ज्याने दार उघडले त्यानेच बाहेर उभे राहायचे, हे विसाव्या वर्षी पचवणे सोपे नसणार.

त्याने रायफल खाली ठेवली नाही. एप्रिल २०२५ मध्ये ब्युनोस आयर्सच्या विश्वचषक स्पर्धेत त्याच प्रकारात त्याने सुवर्णपदक जिंकले.