रुळांवर वसलेले गाव : क्रील्बो

काही गावे नदीकाठी वसतात, काही बाजारपेठेभोवती, तर काही एखाद्या जुन्या किल्ल्याच्या आधाराने. स्वीडन देशातील क्रील्बो हे गाव मात्र रेल्वे स्टेशनाभोवती वसले. राजे-सरदारांच्या इतिहासात या गावाला जागा नाही. पण कष्टकरी माणसाने वाचावा असा इतिहास या लहानशा गावाला आहे.

स्टॉकहोमच्या वायव्येस, दालार्ना प्रांतात, आवेस्ता या कारखान्यांच्या गावाजवळ क्रील्बो आहे. पूर्वी येथे शेतकऱ्यांची थोडी घरे होती, एवढेच. स्वीडनच्या सरकारने 1856 पासून मुख्य रेल्वेमार्ग सुरू केले. उत्तरेकडे जाणारा मार्ग 1873 साली क्रील्बोला पोहोचला. पुढे इतर मार्गही येथे येऊन मिळाले आणि क्रील्बो मोठे जंक्शन झाले. उत्तरेच्या जंगलातील लाकूड आणि खाणींतील लोखंड या रुळांवरून जाऊ लागले.

कामगारांची वस्ती

जंक्शन म्हटले की माणसे आलीच. ड्रायव्हर, फायरमन, शंटिंगवाले, गँगमन, हमाल, तारबाबू अशी माणसे ठिकठिकाणाहून येऊन येथे राहिली. स्टेशनमास्तरचा रुबाब मोठा. कोळसा उपसणाऱ्या माणसाचे घर मात्र लहान आणि पगार तुटपुंजा.

या कामात स्त्रियांचा वाटा मोठा होता. स्वीडनमध्ये रुळांची राखण करणाऱ्या कामगाराला लाइनीलगत छोटे घर मिळे. नवरा रूळ तपासत पायी फिरे, तेव्हा फाटक उघडण्याचे व लावण्याचे काम अनेक ठिकाणी त्याची बायको करी. घरात पोरेबाळे, मागे बटाट्याची शेती, आणि हिमवर्षावातही गाडीच्या वेळेला फाटकावर हजर! पुढे क्रील्बो स्टेशनातील खाणावळ प्रवाशांमध्ये नावाजली. तेथेही स्वयंपाकघरात राबणारे हात कष्टकऱ्यांचेच होते.

रेल्वेने घड्याळसुद्धा बदलले. पूर्वी तेथे प्रत्येक गावाची वेळ वेगळी असे. चर्चच्या घड्याळात एक वेळ, तर स्टेशनच्या घड्याळात दुसरी! अखेर 1 जानेवारी 1879 पासून साऱ्या देशाला एकच वेळ लागू झाली.

मताची किंमत

वेळ एक झाली, पण माणसाची किंमत एक झाली नव्हती. स्वीडनमधील स्थानिक निवडणुकीत ज्याची मिळकत जास्त त्याची मते जास्त, असा कायदा होता. 1909 च्या सुधारणेनंतरही एका श्रीमंत माणसाला 40 पर्यंत मते देता येत. फायरमनचे मत त्यापुढे कुठे टिकणार? 1899 साली रेल्वे कामगारांनी आपली देशव्यापी संघटना स्थापन केली. कामगार चळवळीच्या दीर्घ लढ्यानंतर 1918 साली ही विषमता मोडण्याचा निर्णय झाला. 1919 मध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा आला. 1921 च्या संसदेच्या निवडणुकीत स्त्रियांनी प्रथमच मतदान केले.

19 जुलै 1941

दुसऱ्या महायुद्धात स्वीडन तटस्थ राहिला. एप्रिल 1940 मध्ये हिटलरने शेजारच्या नॉर्वेवर हल्ला चढवला. त्यानंतर जर्मनीच्या दबावापुढे स्वीडनचे सरकार नमले. 1940 च्या उन्हाळ्यापासून जर्मन सैनिकांना स्वीडनच्या रेल्वेने ये-जा करू दिली गेली. जून 1941 मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, तेव्हा तर नॉर्वेहून फिनलंडकडे जर्मन सैन्याची एक अख्खी डिव्हिजन याच देशातून गेली. इकडे काही डाव्या, हिटलरविरोधी वृत्तपत्रांची रेल्वेने ने-आण करण्यास सरकारने बंदी घातली होती. म्हणजे जर्मनांच्या दारूगोळ्याला रूळ मोकळे, आणि हिटलरवर टीका करणारा कागद मात्र बंद! ही कसली तटस्थता?

तो दारूगोळा एके दिवशी क्रील्बोच्या दारात फुटला. 19 जुलै 1941 च्या पहाटे जर्मन दारूगोळ्याने भरलेली मालगाडी स्टेशनात असताना तिच्यात प्रचंड स्फोट झाले. स्टेशनच्या इमारतीची मोठी हानी झाली. गावातील घरांच्या काचा फुटल्या. चोवीस माणसे जखमी झाली. सुदैवाने एकही माणूस दगावला नाही. ब्रिटिश हेरांनी हा घातपात केला असा संशय होता, पण कारण निर्विवादपणे सिद्ध झाले नाही.

करार केला राजधानीतील मंत्र्यांनी. तो दारूगोळा कुठे जाणार, कोणाचा जीव घेणार, हे क्रील्बोच्या शंटिंगवाल्याला कोणी विचारले नव्हते. काचा मात्र त्याच्या घराच्या फुटल्या. पुढे ऑगस्ट 1943 मध्ये ही सैनिकी वाहतूक स्वीडनने थांबवली.

आजचे क्रील्बो

विजेची इंजिने आली आणि फायरमनचे फावडे थांबले. मोटारी, ट्रक वाढले, तशी स्टेशनावरील माणसे कमी झाली. क्रील्बोचा कारभार आवेस्तात विलीन झाला. आता स्टेशनच्या पाटीवर दोन्ही नावे जोडून आहेत : आवेस्ता क्रील्बो. गाड्या तेथे आजही थांबतात.

मताचा अधिकार मिळाला की लढा संपला, असे नाही. आपण ज्या रुळांवर घाम गाळतो त्यांवरून काय जाते आणि कोणासाठी जाते, हे विचारण्याचा अधिकारही कामगाराला हवा. क्रील्बोच्या फुटक्या काचा हेच सांगतात.