सत्तर रुपयांचा बोनस

गुढियारी ही वस्ती रायपूर स्टेशनाच्या पाठीला लागून आहे. हावड्याहून येणारी गाडी इथून नागपूर करत मुंबई गाठते. युनियनच्या सक्तीवर आपल्याकडे झालेला वाद बघायचा तर ही वाट सोयीची, कारण तो वाद तिच्या दोन्ही टोकांना पेटला होता.

आधी एक शब्दांची गंमत. ‘कामाचा हक्क’ म्हटलं की मराठी माणसाला वि. स. पागे आणि १९७७चा रोजगार हमी कायदा आठवतो : मागेल त्याला काम. अमेरिकेत याच शब्दांचा अर्थ वेगळा. युनियनचा सभासद नसलो, वर्गणी भरली नाही, तरी नोकरी राहिली पाहिजे. १९४७च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना तशी मोकळीक दिली. मिशिगनने असा कायदा २०१२ साली केला आणि २०२३ साली मोडीत काढला.

आपल्या कायद्याने कुणाला सभासद होण्याची सक्ती केली नाही. सक्ती होती ती वेगळीच : तुमच्या वतीने बोलणारा आधीच ठरलेला असायचा.

या वाटेच्या रायपूरकडच्या बाजूला, भिलाई पोलाद कारखान्याच्या दल्ली-राजहरा खाणींत कंत्राटी मजूर हातांनी लोहखनिज फोडत, ट्रक भरत. मान्यताप्राप्त युनियनांनी बोनसचा करार केला. कायम कामगाराला ३०८ रुपये, कंत्राटी मजुराला ७०. मजुरांनी मार्च १९७७मध्ये काम थांबवलं, जुन्या युनियनांना रामराम ठोकला आणि आणीबाणीच्या तुरुंगवासातून सुटलेल्या कामगार नेते शंकर गुहा नियोगींना गाठलं. छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. जूनमध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण गेले. पुढे याच संघाने दारूबंदीची मोहीम चालवली आणि १९८३मध्ये मजुरांच्या वर्गणीतून शहीद हॉस्पिटल उघडलं. वर्गणी वसूल करायला इथे कायद्याचा दंडुका लागला नाही.

मुंबईत तीच गाठ अधिक घट्ट होती. १९४६च्या कायद्यानुसार गिरण्यांत वाटाघाटींचा अधिकार फक्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. १८ जानेवारी १९८२ला सुमारे अडीच लाख कामगार दत्ता सामंतांच्या मागे संपावर गेले. पगारवाढीइतकीच मोठी मागणी होती तो कायदा रद्द करण्याची. गिरण्या ओस पडल्या, कायदा जागचा हलला नाही. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. नियोगींना १९९१ साली भिलाईत, सामंतांना १९९७ साली पवईत गोळ्या घातल्या गेल्या.

एकाच युनियनशी बोलण्याचा मालकांचा आग्रह अगदीच खोटा नाही. दहा पुढारी दहा करार मागू लागले तर कामगारच भरडला जातो. पण ती एक कोणती, हे गुप्त मतदानाने ठरवायला काय हरकत होती? सभासदांच्या नोंदवह्या तपासून ते ठरत राहिलं, आणि वह्या कशा भरतात हे गिरणगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

२१ नोव्हेंबर २०२५पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. एकाहून जास्त युनियन असल्या तर मस्टरवरचे ५१ टक्के कामगार जिच्याकडे, तिनेच बोलणी करायची. दल्ली-राजहराच्या त्या मजुरांची नावं मात्र कारखान्याच्या मस्टरवर नव्हतीच. ती ठेकेदाराच्या वहीत होती.