गिटारमधील घरघर आणि अर्थिंगची वायर

इलेक्ट्रिक गिटारमध्ये नवा पिकअप बसवल्यावर पुष्कळदा सुरांआधी घरघरच ऐकू येते. दोष बहुधा जोडणीत असतो. वायरींचे रंग सर्वत्र सारखे नसतात. चार वायरींच्या हंबकरमध्ये सेमूर डंकनची काळी वायर सिग्नलची, तर डिमार्झिओची लाल; हिरवी व उघडी वायर मात्र दोन्हींत ग्राउंडला जाते. व्हॉल्यूमच्या पॉटच्या धातूच्या पाठीवर ग्राउंडच्या वायरी सोल्डर करतात. तेथूनच एक वायर ब्रिजला, पर्यायाने तारांना जोडलेली असते. ती राहून गेल्यास तारांना हात लावूनही घरघर कमी होत नाही. याच वायरीमुळे वादकाचे शरीर अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडले जाते. त्यामुळे घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढण्याचा सल्ला मुळीच ऐकू नये. १९७२ मध्ये स्वान्सी येथे गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला.