लघुग्रहाचा धोका : तीन टक्के ते शून्य

फेब्रुवारी २०२५मध्ये एक आकडा जगभरच्या बातम्यांत वर चढत होता. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर एक टक्क्याच्या पुढे गेली होती. १८ फेब्रुवारीला नासाच्या गणितानुसार ती ३.१ टक्के झाली. तो आदळलाच तर कुठे, याचा जो पट्टा काढण्यात आला तो पूर्व प्रशांत महासागरापासून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडून दक्षिण आशियापर्यंत येत होता. साहजिकच मुंबई आणि कोलकात्याची नावेही बातम्यांत आली. त्यानंतर आठवडाभरातच, २४ फेब्रुवारीला, ही शक्यता ०.००४ टक्क्यांवर उतरली. मग आधीचा आकडा चुकला होता का? नाही. तो त्या दिवसापर्यंतच्या माहितीवर बरोबरच होता.

हा लघुग्रह २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीमधील ‘ॲटलास’ दुर्बिणीला प्रथम दिसला. त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीपासून सुमारे सव्वाआठ लाख किलोमीटरवरून निघून गेला होता. जेम्स वेब दुर्बिणीने नंतर त्याचा आकार मोजला, तो साधारण ६० मीटर भरला. म्हणजे वीसेक मजली इमारतीएवढा. त्याची कक्षा बरीच लांबट आहे. सूर्याजवळच्या टोकाला तो पृथ्वीच्या कक्षेच्या आत शिरतो आणि दूरच्या टोकाला मंगळ व लघुग्रहांचा मुख्य पट्टा ओलांडून गुरूच्या दिशेने जातो. या एका फेरीला जवळजवळ चार वर्षे लागतात. म्हणून २०२४नंतर २०२८ आणि मग २०३२ अशा डिसेंबर महिन्यांत तो आपल्या भागात येतो.

पण कक्षा ठरवायची कशी? दुर्बिणीला दिसतो तो फक्त एक अंधूक ठिपका. मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत तो रोज रात्री किती सरकला, हे मोजत जायचे. बाळाच्या वाढीच्या तक्त्यासारखेच हे आहे. एकदा केलेल्या वजनावरून बाळ कसे वाढते आहे ते कळत नाही. दोन-तीन नोंदी झाल्या की अंदाज येतो आणि वर्षभराच्या नोंदी असल्या की रेघ स्पष्ट होते. इथे चार वर्षांच्या फेरीपैकी जेमतेम काही आठवड्यांचा तुकडा हाती होता आणि त्यावरून आठ वर्षांनंतरची जागा सांगायची होती. सुरुवातीची बारीकशी त्रुटी आठ वर्षांत लाखो किलोमीटरची होते. त्यामुळे शास्त्रज्ञ त्या दिवशीची नेमकी जागा सांगत नाहीत. ‘तो या पट्ट्यात कुठेतरी असेल’ एवढेच सांगतात.

आकडा आधी वाढतो का, याचे उत्तर याच पट्ट्यात आहे. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७५० किलोमीटर. समजा, पट्टा बारा लाख किलोमीटर लांब आहे आणि पृथ्वी त्यात आहे. मग ढोबळमानाने धडकेची शक्यता एक टक्का. नव्या निरीक्षणांनी पट्टा आखडून चार लाखांवर आला आणि पृथ्वी अजून त्यातच असली, तर तीच शक्यता तीन टक्के होते. लघुग्रह आपल्याकडे वळलेला नसतो. आपली माहिती तेवढी नेमकी झालेली असते. पट्टा आणखी आखडला आणि पृथ्वी त्याच्या बाहेर राहिली, की आकडा एकदम कोसळतो.

रुग्णालयात हे रोज घडते. मॅमोग्राफीत संशयास्पद काही दिसले म्हणून पुन्हा बोलावलेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींना कर्करोग नसतो. सोनोग्राफी होते, गरज पडल्यास सुईने तुकडा काढून तपासतात. मधल्या एखाद्या टप्प्यावर शंका वाढते आणि शेवटच्या अहवालात ती मिटते. म्हणून पहिली तपासणी खोटी ठरत नाही. ती निदान सांगत नाही, पुढची तपासणी कुणाची करायची ते सांगते. तिथे दोन चुका होऊ शकतात : पहिल्याच कागदाने हाय खाणे, किंवा ‘काही निघत नाही’ म्हणून पुढची तपासणी टाळणे. दुसरी चूक जास्त महागात पडते.

लघुग्रहांच्या बाबतीतही ती महागात पडू शकते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कच्या आकाशात सुमारे २० मीटरचा लघुग्रह फुटला. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे आधी कुणालाच दिसला नव्हता. सुमारे १,५०० लोकांना उपचार घ्यावे लागले आणि त्यांतल्या बहुतेकांना काचा लागल्या होत्या. डोळे दिपवणारा उजेड पाहून अनेकजण खिडकीशी गेले. हवेच्या दाबाची लाट दोनेक मिनिटांनी पोहोचली आणि तावदाने फुटली. प्रकाश आधी येतो, धक्का नंतर. असा उजेड किंवा मोठा स्फोट दिसला तर खिडकीपासून लांब, जमिनीलगत राहावे. कारखान्यातील स्फोटालाही हा नियम लागू आहे.

ॲपोफिस या मोठ्या लघुग्रहाची शक्यताही डिसेंबर २००४मध्ये २.७ टक्क्यांपर्यंत चढली होती. पुढच्या मोजमापांनी ती पुसली गेली. १३ एप्रिल २०२९ रोजी तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून सुखरूप निघून जाईल. त्या सुमाराला पुन्हा मोठे मथळे येतील. तेव्हा, आणि हातात एखादा तपासणी-अहवाल आला तरी, तीन प्रश्न विचारावेत : ही शक्यता नेमकी कशाची, ती किती नोंदींवर काढली आहे, आणि पुढची तपासणी कधी?